उजेडाचं वय

मुलांनो, एक करा. उद्या सकाळी अंगणात उकिडवे बसा आणि मूठभर माती तळहातावर घ्या. अंगण नसेल तर कुंडीतली घ्या, चालेल. आता समजा, ही माती बोलते. तिला विचारलं, "तुझ्यावर पहिली चूल कोणी पेटवली?" तर ती आठवून सांगते. समजा, तिचं बोलणं ऐकणारं एक यंत्र तुमच्या घरी आहे, जेवणाच्या डब्याएवढं. आणि तस्संच यंत्र शेजारच्या घरीही आहे. तुमचं यंत्र म्हणतं, गावातली पहिली चूल तुमच्या अंगणात होती. शेजारचं म्हणतं, शेजारच्या. तर मग तुम्ही कोणावर विश्वास ठेवाल?

द्वारकाबाईंनी आधी आपल्या यंत्रावर ठेवला. माणसाचं असंच असतं.

द्वारकाबाई लातूरच्या माती परीक्षण प्रयोगशाळेत तीस वर्षं नोकरी करून बोरगव्हाणला धाकट्या भावाकडे राहायला आल्या होत्या. भाऊ बालाजी त्यांच्याहून चौदा वर्षांनी लहान. त्याची मुलगी मुग्धा नऊ वर्षांची. त्या काळात जिल्ह्यात असा नियम झाला होता, की दहा वर्षांखालच्या मुलांना इतिहास शाळेत नाही, घरी शिकवायचा. आपल्या गावच्या मातीपासून सुरू करून. सरकारने त्यासाठी प्रत्येक मुलाला एकेक 'मातीवाचक' यंत्र दिलं होतं. द्वारकाबाईंनी पुढच्या खोलीत सतरंजी अंथरली आणि दोन पोरींचा वर्ग उघडला. एक मुग्धा, दुसरी शेजारची शिरीन आतार. दोन घरांच्या मधे एकच सलग अंगण होतं, भिंत नव्हती, त्यामुळे शिरीन कधी कधी तोंडात घास घेऊनच वर्गात यायची.

"शिरीन, आधी गिळ, मग बोल."

"आत्या, खारी आहे. बोलता बोलता विरघळते."

शिरीनच्या वडिलांची, शौकतभाईंची, अंगणाच्या पलीकडच्या टोकाला बेकरी होती. तिच्या भट्टीचा वास पहाटेपासून दोन्ही घरांत शिरायचा.

द्वारकाबाई इतिहास ज्वारीने शिकवायच्या. एक दाणा म्हणजे दहा वर्षं. उंबऱ्यापासून दाणे मांडत जायचं. पहिल्या दाण्यात पोरींचा जन्म, सहाव्यात आत्याचा. दहाव्या दाण्याशी देश पारतंत्र्यात. चाळिसाव्याशी शिवाजी महाराज. दोनशेवा दाणा सातवाहनांचा. आणि तिथून आणखी शंभर दाणे गेलं, की लोखंड नाही, नाणी नाहीत, लिहिणं नाही. फक्त मातीची घरं, सातू, मसूर आणि तांबड्या गाडग्यांवर काळ्या रेघा. कोंबड्यांनी एकदा सगळे सातवाहन खाऊन टाकले तेव्हा पोरी पोट धरून हसल्या होत्या.

मग तो मातीवाचक डबा आला.

तो काय करत होता, ते नीट सांगतो. वाळूचा प्रत्येक कण हा एक छोटा साठवणीचा रांजण असतो. जमिनीत नैसर्गिक किरणोत्सर्ग थोडा थोडा झिरपत असतो, आणि कण अंधारात पुरलेला असेल तर ती ऊर्जा त्याच्यात थेंब थेंब साचत जाते. कण विस्तवात तापला की रांजण रिकामा. पुन्हा शून्यापासून भरायला सुरुवात. म्हणजे चुलीतला भाजलेला मातीचा गोळा घेतला आणि त्याच्या आतल्या कणांत किती साचलंय ते मोजलं, की ती चूल शेवटची कधी पेटली ते कळतं. पूर्वी हे करायला मोठी प्रयोगशाळा आणि काही महिने लागत. मातीवाचकाला तबकभर माती आणि वीस मिनिटं पुरत. शिवाय राखेतले धान्याचे सूक्ष्म अवशेष ओळखून तो चुलीवर काय शिजत होतं तेही सांगायचा, आणि चित्र काढून दाखवायचा.

मुग्धाने आपल्या खिडकीखालची माती घातली. पडद्यावर अक्षरं आली: "शेवटचा विस्तव: सुमारे ३०४० वर्षांपूर्वी. सातू, मसूर, बोरं." खाली चूल, तिच्याशी बसलेली एक बाई आणि तिच्या मांडीवर मूल.

"आत्या, ही आपल्या घरात राहायची?"

"आपल्या घराच्या जागेवर," द्वारकाबाई म्हणाल्या. तीस वर्षं मातीतलं नत्र आणि पालाश मोजलं, आणि निवृत्तीनंतर माती अशी बोलली!

पुढच्याच आठवड्यात त्या चित्राला भलताच भाव आला. गावातून जाणारा रस्ता रुंद होणार होता. आखणीची रेघ बालाजीच्या पुढच्या दोन खोल्यांवरून जात होती, म्हणजे द्वारकाबाईंच्या वर्गावरूनच. पण नियम असा होता, की प्राचीन वस्तीची जागा नोंदवहीत असेल तर तिला धक्का लावायचा नाही, रेघ सरकवायची. मुलांची सगळी वाचनं त्या नोंदवहीत आपोआप जात होती. मुग्धाचं गेलं आणि रेघ सरकली. नवी रेघ पडली थेट शौकतभाईंच्या भट्टीवर.

"देव पावला," बालाजी म्हणाला.

दुसऱ्या दिवशी शौकतभाई हातात कागद घेऊन आले. शिरीनने भट्टीशेजारची माती आपल्या यंत्रात घातली होती. सुमारे ३०४० वर्षं. सातू, मसूर, बोरं.

"आता बोला," ते म्हणाले. "पहिली चूल आमची का तुमची?"

"कालपर्यंत नव्हती, आज बरी उगवली," बालाजी म्हणाला. "भट्टीतली माती भाजलेलीच असती की."

"भट्टी माझ्या बापाने बांधली. तीन हजार वर्षांचा नव्हता तो." शौकतभाईंनी मग द्वारकाबाईंकडे पाहिलं आणि नजर खाली घेतली. "राग मानू नका आक्का. पण मातीच्या लॅबमध्ये तुम्ही होता. मशीनला काय चारायचं ते तुम्हाला ठाऊक. मला नाही."

द्वारकाबाईंना थोबाडीत बसल्यासारखं झालं. त्या दिवसापासून शिरीन वर्गाला यायची बंद झाली. बालाजीने भिंत घालायला अंगणाच्या मधोमध सिमेंटच्या विटांचा ट्रॅक्टर रिकामा केला. मोजणीच्या मॅडम गुरुवारी येऊन दोन्ही वाचनं तपासणार होत्या. ज्याचं खरं ठरेल त्याचं घर राहील.

घरात सगळे एकमेकांकडे तिरक्या नजरेने बघू लागले. बालाजीला वाटे, आतारांनी खापरं आणून पुरली. द्वारकाबाईंना क्षणभर वाटून गेलं, की बालाजीनेच तर मुग्धाच्या खिडकीखाली काही टाकलं नसेल? रस्त्याचा नकाशा त्याने आधी पाहिला होता का? स्वतःच्या भावाबद्दल हे मनात यावं याची त्यांना लाज वाटली. मग त्यांनी सगळा संशय त्या डब्यावर वळवला. तो मुलांना खूश ठेवण्यासाठीच बनवला असला पाहिजे. ज्याच्या घरी जाईल त्याला म्हणत असेल, तुझंच घर पहिलं. शाळेत सगळ्यांना 'उत्तम' शेरा देणारे गुरुजी असतात ना, तसा.

"मुग्धा, चल," त्या म्हणाल्या. "आज या डब्याची परीक्षा."

दोघी सकाळी पिशव्या घेऊन निघाल्या. आधी नदीकाठच्या काळ्या रानातली माती. डबा म्हणाला, "माणसाच्या वस्तीची खूण नाही."

"खोटं बोलला नाही," मुग्धा म्हणाली. तिला बरं वाटलेलं दिसलं.

"थांब. अजून तीन प्रश्न बाकी आहेत."

गल्लीच्या टोकाला सोपानराव लोहारांचं अंगण. सुमारे ३०४० वर्षं. सातू, मसूर, बोरं. मारुतीच्या पारामागची माती. तीच वर्षं, तेच धान्य. पोस्टाच्या जुन्या खोलीमागची. तेच.

द्वारकाबाई पारावर बसल्या. मातीच्या बाबतीत त्यांना कोणी फसवू शकत नव्हतं. राखेलाही ठसा असतो. दोन चुलींची राख कधी तंतोतंत जुळत नाही. इथं पाच जागी एकच राख होती. एका बाईने एकाच वेळी पाच अंगणांत बसून मसूर शिजवला म्हणायचा की काय!

"पाणी मुरतंय," त्या पुटपुटल्या.

"कुठं?" मुग्धाने खाली बघितलं.

घरी येऊन त्यांनी डबा उलटा केला. पाठीमागे बारीक अक्षरांत लिहिलं होतं, 'शिक्षकांसाठी'. ते दाबून ठेवलं, की पडदा पालटायचा. इतक्या दिवसांत त्यांनी ते एकदाही दाबलं नव्हतं. का? पहिल्या पानावर चूल होती, बाई होती, मांडीवर मूल होतं. पुढे बघावंसं वाटलंच नाही.

दुसऱ्या पानावर चित्र नव्हतं. नुसते आकडे. त्यात एक ओळ: "सुट्या कणांचं उजेडाचं वय: ३६ वर्षे."

मुलांनो, इथं जरा सावकाश वाचा. रांजण विस्तवाने रिकामा होतो, तसा उन्हानेही होतो. पण ऊन फक्त वरवर पोचतं. भाजलेल्या गोळ्याच्या पोटातल्या कणांना ते शिवत नाही, म्हणून त्यांना तीन हजार वर्षांपूर्वीचा विस्तव अजून आठवत होता. गोळ्याच्या भोवतीची सुटी माती मात्र सांगत होती, की मी छत्तीस वर्षांपूर्वी ऊन पाहिलंय. म्हणजे चूल जुनी, पण ती त्या जागी तीन हजार वर्षं पुरलेली नव्हती. छत्तीस वर्षांपूर्वी कोणीतरी ती माती उचलून, उन्हात हलवून, अंगणात टाकली होती. डबा बनवणाऱ्यांना वाटलं असेल, लहान मुलांना हे कंटाळवाणं होईल. म्हणून त्यांनी ते पाठीमागे टाकलं.

छत्तीस वर्षांपूर्वी द्वारकाबाई बावीस वर्षांच्या होत्या आणि परभणीला शिकत होत्या. बालाजी आठ वर्षांचा. आईवडील आता नव्हते. तेव्हा अंगणात काय झालं होतं हे सांगू शकेल असं एकच माणूस उरलं होतं, आणि ते विटांच्या ढिगाच्या पलीकडे राहत होतं.

द्वारकाबाई ढीग ओलांडून गेल्या. शौकतभाई भट्टीत ट्रे सरकवत होते. त्यांनी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. त्यांच्या आई, खैरूनबी, दारात खाटेवर बसून लसूण सोलत होत्या. शिरीन त्यांच्या पायाशी होती.

"आलात का?" खैरूनबी म्हणाल्या. "मला वाटलं आता भिंतीला खिडकी ठेवाल, आन् तिच्यातून बोलाल."

"भाभी, मला काही विचारायचंय."

"मातीचंच ना? आमच्याकडं आता मातीशिवाय दुसरं बोलणंच नाही. लेकरं भुकेली, बाप भट्टीवर, आन् सगळ्यांच्या तोंडात माती."

"छत्तीस वर्षांपूर्वी आपल्या अंगणात कुणी माती टाकली होती?"

खैरूनबींचे हात थांबले. "छत्तीस का बत्तीस ते मला मोजता येत नाही. तुम्ही परभणीला व्हता. तवा दोन्ही घरं पाडली नव्हती का?"

"नवं घर बांधलं, ते माहीत आहे. जुन्या घराच्या मातीचं काय झालं?"

"काय होणार? भूकंपापास्नं समद्यांना डोक्यावरच्या मातीची भीती बसली व्हती. तुमच्या आईनं आन् माझ्या नवऱ्यानं एकाच उन्हाळ्यात धाबी उतरवली. हातभर जाड माती, बाई! टाकायची कुठं? अंगणात खड्डे व्हते, ते भरले. तुमची आई आन् मी, दोघींनी पसरली. आठ दिवस. ती घमेलं भरायची, मी ओतायची. दुपारी एकाच ताटात जेवायचो."

द्वारकाबाई खाटेच्या कडेला बसल्या. कारण पुढचं त्यांना कोणी सांगायला नको होतं. ते त्यांनी स्वतः केलं होतं. धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छपराच्या, घराला पांढरी माती लागते. काळी चालत नाही, ती फुगते आणि गळते. गावाबाहेर ओढ्याच्या वळणावर पांढरीचं टेकाड होतं. दर उन्हाळ्याच्या शेवटी सगळा गाव टोपल्या घेऊन तिथं जायचा आणि छपरावर नवा थर घालायचा. सात-आठ वर्षांच्या द्वारकानेही डोक्यावरून टोपल्या आणल्या होत्या. टोपलीत खापरं लागायची, ती द्वारका ओढ्यात फेकून द्यायची. सपकन पाण्यावर उड्या मारत जायची. टेकाड पांढरं का, असं तेव्हा कोणी विचारलं नव्हतं. हजारो वर्षांची राख, शेण, पडक्या मातीच्या भिंती आणि चुली, म्हणून ते पांढरं होतं. ते टेकाड म्हणजेच पहिलं गाव होतं, आणि उकरून उकरून त्याची सगळी राख एकात कालवली गेली होती, म्हणून पाच जागी एकच. पिढ्यान्‌पिढ्या टोपलीटोपलीने गावाने ते डोक्यावर घरी आणलं, छपरावर घातलं, त्याच्याखाली संसार केले, आणि एक दिवस अंगणात पसरून टाकलं. आता तिथं सपाट रान होतं.

"म्हणजे," शिरीन हळूच म्हणाली, "आमची चूल पण खरी, आणि मुग्धाची पण?"

"चूल खरी," द्वारकाबाई म्हणाल्या. "जागा खोटी. दोघींची."

भट्टीशी शौकतभाई पाठमोरे उभे होते. सगळं ऐकू गेलं होतं. त्यांनी भट्टीचं दार ओढून घेतलं. मग म्हणाले, "मग आक्का, जुनी रेघच कायम राहणार. तुमच्या खोल्यांवरची."

"हो."

"हे तुम्ही मॅडमना सांगणार?"

"आधी घरी सांगते," द्वारकाबाई म्हणाल्या.

घरी त्यांनी मुग्धाला समोर बसवून सगळं सांगितलं, नेहमीच्या धड्यासारखं. मुग्धाने एकच विचारलं: "मग ती बाई कुठं राहायची?"

"ओढ्याच्या वळणावर. नक्की कुठं, ते आता कोणालाच सांगता येणार नाही. आपणच ते विस्कटलं."

बालाजी दारात उभा राहून ऐकत होता. "दुसरं पान कोणी मागितलंय का, आक्का?"

"नाही."

"झालं तर मग. पहिल्या पानावर खोटं काय लिहिलंय? चूल तीन हजार वर्षांची आहे ना?"

"आहे."

"मग तुम्हाला काय करायचंय? तुमचीच खोली जाणार आहे. आतारांना दुसरीकडं भट्टी बांधता येते. मला घर कुठं बांधता येतं?"

त्याचं म्हणणं अगदीच वेडगळ नव्हतं, हाच तर त्रास होता. द्वारकाबाईंनी खोलीभर नजर फिरवली. सतरंजी, फळा, कोनाड्यातला ज्वारीचा डबा. साठीला आलेल्या बाईला या जगात बसायला एवढीच जागा होती.

"मी या पोरींना इतके दिवस चुकीचं शिकवलंय, बालाजी," त्या शेवटी म्हणाल्या. "माझं मलाच दुरुस्त करावं लागेल."

"तुम्ही मास्तर झालात, आन् मी बेघर," तो म्हणाला आणि निघून गेला.

गुरुवारी मोजणीच्या मगर मॅडम आल्या. सोबत एक शिपाई, त्याच्याजवळ दोरीचं भेंडोळं आणि रेघ मारायच्या चुन्याच्या फक्कीची बादली. अर्धी गल्ली जमली. अंगणाच्या या बाजूला बालाजी, त्या बाजूला शौकतभाई, मधे विटा.

द्वारकाबाई पुढे झाल्या. "मॅडम, आमच्या वाचनात चूक आहे. म्हणजे—"

"आक्का, त्यात तुमचं नाव नाही," बालाजी मधेच म्हणाला.

मॅडमनी हातातल्या नोंदवहीचा पडदा पाहिला. "बरोबर आहे त्यांचं. नोंद कुमारी मुग्धा बालाजी शिरसाट हिच्या नावावर आहे. कायम करायची की मागे घ्यायची, ते तिनंच सांगायला हवं. नियम आहे. कुठंय मुग्धा?"

"पोर आहे ते," बालाजी हसत म्हणाला. "त्याला काय कळतंय? मुग्धा, मॅडमना सांग बेटा. माती आपल्याच खिडकीखालची ना?"

मुग्धाने आत्याकडे पाहिलं. द्वारकाबाईंनी चटकन मान फिरवली आणि भिंतीकडे बघत राहिल्या. तीस वर्षांत एवढं अवघड काम त्यांनी केलं नव्हतं. धडा शिकवून झाला होता. आता डोळ्यांनीसुद्धा उत्तर सुचवायचं नाही.

"खिडकीखालचीच आहे," मुग्धा म्हणाली.

बालाजीने श्वास सोडला.

"पण ती तिथली नाही. आमच्या आजीनं आणि शिरीनच्या दादीनं तिथं टाकली. छत्तीस वर्षांपूर्वी. हे बघा." तिने डबा उलटा केला, बोट दाबून धरलं, आणि आकड्यांचं पान मॅडमसमोर केलं. "आमची मागे घ्या. शिरीन पण घेणार आहे. ना गं?"

पलीकडून शिरीनने मान हलवली.

मॅडमनी ते पान दोनदा वाचलं. मग चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि शिपायाला म्हणाल्या, "जुनीच आखणी. फक्की मारून घ्या."

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बालाजी ओट्यावर बसला आणि त्याने दोन्ही हातांनी डोकं धरलं. द्वारकाबाईंना त्याच्याजवळ जावंसं वाटलं, पण त्या गेल्या नाहीत. शौकतभाई काहीतरी बोलायला पुढे आले आणि विटांपाशी थांबले.

शिपायाने दोरीचं एक टोक रस्त्याकडेला खुंटीला बांधलं आणि दुसरं टोक वर धरून विचारलं, "हे कोण धरतंय? भिंतीला लावून धरायचंय. घरच्यापैकी कोणीतरी या."

कोणी पुढे होईना. गल्लीतले लोकही जमिनीकडे बघू लागले.

मुग्धाने डबा आत्याच्या हातात दिला. ती गेली, शिपायाच्या हातून दोरीचं टोक घेतलं, आपल्या खिडकीखाली उकिडवी बसली आणि ते भिंतीला घट्ट लावून धरलं.

"ओढा," ती म्हणाली.